कलमाचा खड्डा

कोन्सूला हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणण्यासारखं. तिवरवाडीच्या बायका तिला फिरंगीण म्हणत, गडीमाणसं ‘ती पहारवाली’ म्हणत, आणि तिचा नवरा इनास तिला काहीच म्हणत नसे, कारण त्याने तोंड उघडेपर्यंत कोन्सूचं बोलून झालेलं असे.

सन बावीसमध्ये ही दोघं पणजीहून आगबोटीत बसली आणि रत्नागिरीच्या मांडवी बंदरात उतरली. सोबत एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवर टांगायचा लाकडी क्रूस, तीन वर्षांची मुलगी नातालीन, आणि कुंड्यांमधली हापूसची कलमं. आगबोटीतून पडावात उतरताना लाट आली तेव्हा इनासने मुलीला धरलं आणि कोन्सूने कुंड्यांना मिठी मारली. खलाशी हसले. कोन्सू म्हणाली, “हसू नका. पोर पुन्हा होईल, कलमं पुन्हा नाय मिळायची.” पोर काही पुन्हा झालं नाही, पण ते नंतरचं.

गोव्यात कोन्सूचा बाप भाटकाराच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, जमिनीत झोपडी बांधून राहणारं कूळ होता. भाटकाराला एक दिवस त्या जागी माड लावायची हुक्की आली. माणसं आत पेजेला बसलेली असताना त्याच्या गड्यांनी वरची कौलं उतरवायला सुरुवात केली. कोन्सू तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्या पेजेत कौलांचा चुरा पडला. ती पेज तिने तशीच खाल्ली. भूक होती ना! पण त्या दिवसापासून तिला जगात एकच गोष्ट हवी होती. जमीन. जिथून तिला कोणी घालवू शकणार नाही अशी. नवरा, पोर, देव ही सगळी मंडळी त्यानंतर, रांगेत.

तिवरवाडीचा खोत होता हरिश्चंद्र. गोरापान, गोड बोलणारा, पानाचा डबा मांडीशी ठेवून ओटीवर बसणारा. त्याने या किरिस्ताव जोडप्याला वाडीच्या वरचा सडा दाखवला. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, उन्हात तव्यासारखा तापणारा. तिथे शेळीसुद्धा चरायला जात नसे, तिला स्वतःचे दात प्यारे होते.

“फोडा, लावा, खा,” खोत म्हणाला. “आमच्या वाट्याची चार फळं पाठवा म्हणजे झालं. मी काय कातळ डोक्यावर घेऊन जाणार आहे?”

ओटीवरची सगळी माणसं खो खो हसली. आणि कोन्सूने ते हसणं म्हणजे दिलेला शब्द समजून पदरात बांधून घेतलं. खोताचा शब्द, चार माणसांसमोर! आणखी काय पाहिजे?

मग दोघांनी कातळ फोडला. म्हणजे कोन्सूने फोडला आणि इनासने कपच्या उचलल्या. पहार उचलायची, घालायची, ठिणगी उडायची, कातळाचा नखाएवढा तुकडा निघायचा. एकेक खड्डा असा खणून त्यात खाडीकाठची माती टोपलीने आणून भरायची, त्यात कलम लावायचं, आणि उन्हाळाभर खालच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहायचं. वाडीतली माणसं संध्याकाळी करमणूक म्हणून बघायला येत. पोरं नातालीनच्या मागे लागत. ती गोव्याच्या रीतीप्रमाणे बापाला ‘पाय’ म्हणायची, म्हणून पोरं ओरडत, “ए नातालीन, तुजा पाय आला, डोकं खंय ठेवलान?” ती रडत घरी आली की कोन्सू म्हणायची, “दगड मार.” इनास म्हणायचा, “देवाकडे माग.” नातालीनने दोन्ही करून बघितलं. दगडाचा उपयोग जास्त झाला.

इनास बिचारा वेगळ्याच मातीचा माणूस. त्याला गावची घंटा आठवायची. तिन्हीसांजेला तो कातळाच्या टोकाशी जाऊन दक्षिणेकडे कान लावून उभा राहायचा, जणू त्याच्या गावच्या देवळाची घंटा एवढा समुद्र ओलांडून येणारच होती. रत्नागिरी शहरात किरिस्तावांचं लहानसं देऊळ होतं आणि त्यामागे त्यांची सिमिटेरी, म्हणजे मेलेल्यांना पुरायची आशीर्वाद दिलेली जागा. सणाला शहरात गेलं की इनास तिथल्या घंटेखाली उभा राहून डोळे मिटायचा. कोन्सू तोवर बाजारात लोहाराकडून पहारेला पाणी देऊन आणायची.

कलमं धरली. पानं चकाकली, मोहर आला, आणि तिसाव्या साली पहिला खरा बहर आला. काय आंबा तो! केशरी, भरीव, सालीला लागलेला गर दातांनी ओढून खावा असा. कोन्सूने पहिली करंडी खोताच्या ओटीवर नेऊन ठेवली. हरिश्चंद्र खोताने आंबा खाल्ला, कोय चोखली, बोटं चाटली, धोतराला हात पुसले, आणि त्याला आठवलं की कातळ आपला आहे.

पुढच्या साली मोहर फुटायच्या आधीच त्याचा गडी लवू निरोप घेऊन आला. लवू वाईट नव्हता, फक्त खोताचा होता.

“कोन्सूबाय, खोतांनी सांगितलान, औंदाचा आंबा उतरला की जागा मोकळी करायची.”

“कुणी?”

“तुमी.”

“आणि मी कुठं जायचं?”

“ता काय मला सांगितल्यानी नाय.”

“लवू, तू होतास ना रे त्या दिवशी ओटीवर? ऐकलंस ना, फोडा, लावा, खा?”

लवूने डोकं खाजवलं. “ऐकलंय. तुमी फोडलात, लावलात, खाल्लात. झाला की!”

कोन्सू पहार घेऊन त्याच्या मागे कुंपणापर्यंत धावली. मग दुसऱ्या दिवशी खोताच्या ओटीवर गेली, पाया पडली, ओरडली, पुन्हा पाया पडली. खोताने तिला गुळपाणी दिलं. लांबून, ओंजळीत ओतून. “तुमची मेहनत दिसते हो,” तो म्हणाला, “म्हणून तर बाग मला आवडली.”

आणि नेमका त्याच पंधरवड्यात इनास तापाने पडला. थंडी वाजून यायची, मग अंग भाजायचं, मग घामाची आंघोळ. त्याला घर सोडायचं ऐकून दुःख झालं नव्हतंच. उलट तापात त्याचे डोळे चमकत होते. “बरं झालं कोन्सू. चल परत. नाहीतरी ह्या कातळाने आपल्याला कधी आपलं म्हटलं नाय.” तिने त्याच्या तोंडात काढा ओतला, तो बोलायचा थांबावा म्हणून.

लवूची बायको येसूबाई वाडीतली एकटीच अशी होती जी कुंपणापर्यंत येऊन बोलायची. आत यायची नाही, आणि दयेपेक्षा चौकशीच जास्त. त्या दिवशी ती कुंपणापलीकडून म्हणाली, “कसा हाय गो तुजा घरवाला?”

“आहे तसाच.”

“तसाच म्हंजे जातोय.” येसूबाईला फिरवून बोलता येत नसे. “बग हां, मेला तर हितं नको हां पुरूस! तुमच्यात जाळत नाय, पुरतात, म्हायत हाय मला. शहरात न्हे. हितं पुरलास तर आमचा घरवाला काय, खोताचा रेडासुदा ह्या कुंपणाच्या आत पाय घालायचा नाय. फिरंग्याचा भूत कुणाच्या बापाला आवरायचा?”

कोन्सूने हातातल्या विळ्याने गवताची एक पेंढी कापली, आणखी एक कापली. येसूबाई गेली तरी ती तिथेच कापत राहिली, तिथलं गवत संपलं तरीही.

दोन दिवसांनी इनासला कळलं की आपलं संपत आलं. त्याने कोन्सूचा हात धरला. आयुष्यभर त्याने काही मागितलं नव्हतं. चपला नाहीत, माशाचं डोकं नाही, बोलायची पाळीसुद्धा नाही. आता मागितलं.

“सिमिटेरीत ने मला. घंटेखाली. एवढंच.”

“नेते.”

“तेर्सावर हात ठेवून सांग.”

कोन्सूने जपमाळेवर हात ठेवला. मणी गार होते, तिचा हात तापलेला होता. “नेते,” ती म्हणाली. नातालीन पायथ्याशी बसून ऐकत होती. इनासने पोरीकडे बघून हसायचा प्रयत्न केला, त्यातच त्याचा श्वास अडकला आणि परत आला नाही.

सकाळ होती. कोन्सूने त्याचे डोळे मिटले, हनुवटी फडक्याने बांधली आणि उभी राहिली.

“नाताल, काळा फ्रॉक घाल. शहरात जा, पाद्रीला सांग. खड्डा खणून तयार ठेवायला सांग. तू तिथेच थांब त्यांच्याजवळ. मी बैलगाडी मिळवते आणि पायला घेऊन येते.”

“गाडी कोण देणार आपल्याला?”

“तू जा म्हणते ना!”

बारा वर्षांची पोर रडत, नाक पुसत, धापा टाकत घाटी उतरून गेली. शहरात पाद्रीने खड्डा खणवला, मेणबत्त्या लावल्या, पवित्र पाण्याचं भांडं आणून ठेवलं. ती दोघं उघड्या खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. दुपार झाली. मेणबत्त्या वाकल्या. पाद्रीने घंटा वाजवायला माणूस बसवला होता, तोही जेवून आला. गाडी काही आली नाही. नातालीन रस्त्याकडे बघत होती, आणि प्रत्येक बैलगाडीला तिचा जीव वर यायचा. एकीत गवत निघालं, एकीत मिठाची पोती, एकीत लग्नाचं वऱ्हाड, वाजत गाजत.

कोन्सूला हे सगळं न बघता दिसत होतं. ती काही दगड नव्हती. पण तिच्या हातात पहार होती आणि कातळाला दया कळत नाही, त्याच्यावर पहार घालणाऱ्याला ती परवडत नाही. बागेत खोल माती फक्त कलमांच्या खड्ड्यांत होती. मधोमध एक खड्डा गेल्या वर्षी खणलेला, माती भरलेला, कलमाची वाट बघत होता. तिने तो उकरला. इनासला चादरीत गुंडाळून, ओढत, धडपडत तिथवर आणलं. आणि मग कळलं, खड्डा झाडाच्या मापाचा होता, माणसाच्या नाही.

चहूबाजूंनी कातळ. तिने पहार घातली, ठिणगी उडाली, नखाएवढा तुकडा निघाला. असं करत बसलं तर संध्याकाळ होणार, पोर परत येणार. कोन्सूने खड्ड्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग खाली बसली आणि त्याचे गुडघे दुमडले. अंग ताठ झालं होतं, सहज दुमडेना. तिला सगळा भार घालावा लागला. “माफ कर रे,” ती म्हणाली, आणि पुन्हा भार घातला.

माती लोटून झाल्यावर तिने दोन फांद्यांचा मोठा क्रूस बांधला आणि वाटेवरून ढळढळीत दिसेल असा रोवला. तो दिसायलाच हवा होता. त्यासाठीच तर सगळं होतं.

संध्याकाळी नातालीन परत आली. क्रूस तिला कुंपणापासूनच दिसला. ती धावत आली आणि मातीच्या ढिगाऱ्यापाशी थबकली. पोर हुशार. आधी ढीग बघितला, मग बापाच्या रिकाम्या खाटेची लांबी आठवली असावी.

“माय, एवढासा कसा गो? पाय एवढासा नव्हता.”

कोन्सू हात धूत होती.

“माय! एवढ्यात मावला कसा?”

“मावला,” कोन्सू म्हणाली. “पेज काढलीय, खा.”

त्यानंतर नातालीन आईशी बोलली नाही. आठवड्याने पाद्री आला. त्याने कुंपणाबाहेरूनच विचारलं, आशीर्वाद न घेता, प्रार्थना न म्हणता पुरलंस? कोन्सू म्हणाली, आता म्हणा. पाद्री म्हणाला, खोट्या शपथेवर मी पाणी शिंपडत नाही, आधी त्याला तिकडे आण. कोन्सूने मान हलवली. नाही. पाद्री निघाला तेव्हा नातालीन ट्रंकेतले आपले दोन फ्रॉक काखेत मारून त्याच्यामागे चालू लागली. कोन्सूने हाक मारली नाही. शहरात एका किरिस्ताव शिंप्याच्या घरात पोरीला शिवणकामाला ठेवलं, असं पुढे येसूबाईकडून कळलं.

आणि खोत? अहो, खोताचा चेहरा बघण्यासारखा होता! आंबा उतरायच्या वेळी तो गडी घेऊन आला, तर गडी कुंपणाशी थिजले. क्रूस बघून लवू चार पावलं मागेच सरकला. खोताने गुरवाला बोलावलं. गुरवाने देवळात फुलं चिकटवून कौल लावला, आणि देवाने गावाला सांगितलं की त्या जाग्यात परका मुर्दा बसलाय, गावच्या माणसाने आत पाय घालू नये, आतलं काही बाहेर आणू नये, खाऊ नये. खोत शिकलेला होता, त्याला भुताची भीती नव्हती, पण एकटा खोत किती झाडांवर चढणार?

कोन्सू कुंपणाच्या आत उभी राहून हसली. पोटभर, मोठ्याने, त्या दिवशी ओटीवरची माणसं हसली होती तसंच. “घेऊन जा ना कातळ डोक्यावर!” ती ओरडली.

खोत रागावला नाही. पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “राहा हो. बाग तुमचीच.”

तो काय म्हणाला ते कोन्सूला त्या वर्षीच समजलं. देवाने फक्त ‘आत जाऊ नका’ म्हटलं नव्हतं. ‘आतलं खाऊ नका’ असंही म्हटलं होतं. आंब्याचे दलाल आले, वाडीत पाणी प्यायले, ऐकलं आणि कुंपणावरून वळले. मुर्दाड आंबा कोण विकत घेणार? तिने टोपली डोक्यावर घेऊन शहर गाठलं. तिथे पहिल्या दिवशी आंबे हातोहात गेले आणि दुसऱ्या दिवशी वाडीची बातमी शहरात पोचली तशी गिऱ्हाइकं आंबे परत घेऊन आली. खाडीकडचे मच्छीवाले तेवढे घरामागच्या दोन माडांच्या नारळांच्या बदल्यात मासे देत, त्यांना गुरवाच्या कौलाशी देणंघेणं नव्हतं. त्यावर कोन्सू जगली. पण मुर्द्यावर पोसलेला आंबा त्यांनाही नको होता.

दरसाल बाग लगडायची. दरसाल आंबे पिकून, फुटून, माश्यांच्या घोंगाटात कुजायचे. वाऱ्याबरोबर तो गोड वास वाडीभर पसरायचा आणि पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं, मग आया त्यांना धपाटे घालायच्या. कोन्सू जमेल तेवढे स्वतः खायची. सकाळी आंबा, दुपारी आंबा, भाताशी आंबा. जमीन तिची होती. कोणी घालवत नव्हतं. कोणी येतही नव्हतं.

छत्तीस सालच्या वैशाखात मात्र बैलगाडी आली. कुंपणाशी थांबली आणि तिच्यातून एक उंच, सावळी, नेटका फुलाफुलांचा झगा घातलेली मुलगी उतरली. कोन्सूने आधी तिला ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा तिच्या हातातला आंबा खाली पडला.

“नाताल?”

“माझं लग्न ठरलंय, माय.” नातालीनचा आवाज बायकी झाला होता. मागून दोन परके किरिस्ताव मजूर कुदळी घेऊन उतरले, आणि त्यांच्या मागे एक लाकडी पेटी. “लग्नाआधी पायला घंटेखाली न्यायचंय. पाद्रीने होय म्हटलंय. हाडं हलवता येतात आपल्यात.”

कोन्सूचं लक्ष मात्र गाडीकडे होतं. बैल ओळखीचे होते. आणि गाडीच्या पलीकडे, वाटेवर, काळी छत्री उघडून, पान चघळत हरिश्चंद्र खोत उभा होता.

“गाडी कुणाची ही?”

“खोतांची,” नातालीन म्हणाली. “ते स्वतः शिंप्याच्या घरी आले होते. म्हणाले, तुझा बाप असा पडलाय हे बघवत नाही. मजुरांचाही खर्च तेच करतायत.”

“आणि का करतोय तो एवढं, विचारलंस?”

“माहीत आहे मला का ते! मी काय कुक्कुलं बाळ आहे? हाडं गेली की गुरव नवा कौल लावणार, आणि खोत बाग घेणार. घेऊ दे ना! तू चल माझ्याबरोबर. आमच्या घरात एक खोली आहे. माझा होणारा नवरा चांगला आहे, तो तुला माय म्हणेल.”

कोन्सू ढिगाऱ्यापाशी गेली. मजुरांना वाटलं, जागा दाखवतेय. ती ढिगाऱ्यावर बसली, मांडी ठोकून, पहार आडवी मांडीवर घेऊन.

“माय, त्याचे गुडघे तरी सरळ करू दे गो,” नातालीन म्हणाली, आणि आता ती रडत होती, अगदी बारा वर्षांच्या पोरीसारखी. “पाच वर्षं मी झोपले की मला तेच दिसतं. सोड त्याला.”

“सोडलं तर मी कुठं जाऊ?”

“सांगितलं ना, माझ्याकडे!”

“ते तुझं घर. तुझ्या नवऱ्याचं. उद्या त्याला तिथे माड लावावेसे वाटले तर?”

नातालीनने डोळे पुसले, आणि तिचा चेहरा हुबेहूब आईसारखा झाला.

“बस मग. पण सांग, तू मेलीस की तुला कोण पुरणार? मी येणार नाही. वाडीतलं कोणी आत येणार नाही. ह्या आंब्यांसारखी पडून राहशील.”

कोन्सूने मांडीवरची पहार उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. वाटेवरून खोताचा गोड आवाज आला, “चल गो पोरी, ऊन लागेल तुला. आपल्याला काय घाई नाय. कोन्सूबाय काय अमरपट्टा घेऊन आल्येय?” आणि तो हसला, मजूर हसले, गाडीवानही हसला.

गाडी वळली. नातालीनने मागे वळून बघितलं नाही. पेटी रिकामीच, गाडीत आपटत, खडखडत घाटी उतरून गेली.

कोन्सू तो खडखडाट ऐकू येईनासा होईपर्यंत बसून राहिली. मग उठली. झाडाला टेकवलेली आंबे उतरवायची घळ घेतली, लांब काठीला जाळीची पिशवी बांधलेली ती, आणि समोरच्या कलमावरचा, पिकायला आलेला एक आंबा हळूच, देठाला धक्का न लावता, खाली उतरवला. मग दुसरा. मग तिसरा. टोपली भरली तेव्हा तिने ती, न्यायला कोणी येणार नव्हतं तरी, सावलीत ठेवली आणि दुसरी रिकामी आणायला आत गेली.